ग्रब
लिनक्सचा प्रचलित बूट लोडर. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये सुरू केला. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली डेबियनवर आधारलेली, म्हणून तिथेही हाच. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या कॉलेजात एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स नांदवायचे, तर विंडोज आधी टाकावे. जुन्या बायॉस यंत्रात ते मागाहून आले की डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतला ग्रबचा तुकडा पुसते. यूईएफआयमध्ये बहुधा नुसता बूटक्रम बदलतो. काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ दिसताच डिस्क फॉरमॅट करणे हा शुद्ध आततायीपणा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मूळ पार्टिशन माउंट करून, सीएच-रूट करून ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. तरी मेनूत विंडोज नाही? २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. तो ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधल्या ग्रब फाइलीत चालू करून पुन्हा ‘अपडेट-ग्रब’ द्यावे.