रॅम-लॅक आणि आईच्या मणक्यातला ठिपका

इंजिनीअरिंगला असताना इमेज प्रोसेसिंगच्या लॅबमध्ये मॅटलॅबचं एक फंक्शन वापरलं होतं. त्यात फिल्टर निवडता यायचा. नाही निवडला तर आपोआप ‘रॅम-लॅक’ लागायचा. रॅम म्हणजे कंप्युटरच्या मेमरीशी संबंधित काहीतरी असणार, असं समजून मी जर्नल पूर्ण केलं आणि विसरलो.

ते नाव पुन्हा भेटलं गेल्या वर्षी, मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या बाकावर.

आई धडगावला असते. चार वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली, तेव्हापासून आमच्या घरात ‘पाठ दुखते’ हे वाक्य साधं राहिलेलं नाही. चांदसैलीचा घाट उतरून, नंदुरबारहून रात्रीची गाडी पकडून ती बोन स्कॅनला आली होती. सकाळी इंजेक्शन दिलं, औषध हाडांत मुरायला तीन तास थांबलो, मग स्कॅन झाला. सपाट चित्रात कमरेच्या एका मणक्यावर काळा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, “हा पुढे मणक्यात आहे की मागे सांध्यात, ते यात कळत नाही. कॅमेरा भोवती फिरवून पुन्हा घेऊ.” मागच्या सांध्यात असेल तर बहुधा झीज. पुढे असेल तर वेगळी गोष्ट.

आत आई निश्चल पडून होती आणि बाहेर मी मोबाईलवर वाचत होतो. दुसरं काय करणार?

या तपासणीत यंत्रातून किरण येत नाहीत, ते माणसातून येतात. इंजेक्शनमधलं टेक्नेशियम जिथे साठतं तिथून गॅमा किरण सुटतात. कॅमेऱ्यासमोर शिशाची जाळी असते, ती फक्त सरळ येणारे किरण आत घेते. त्यामुळे कॅमेऱ्याला कळते ती एका रेषेवरची एकूण बेरीज. खोली कळत नाही.

चार घरांचं कोडं घ्या. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९, दोन्ही उभ्या रांगांची ७-७. एवढ्यावरून उत्तर ठरत नाही, बरीच उत्तरं बसतात. पण डावीकडून उतरणाऱ्या तिरप्या रेषेची बेरीज ४ आणि दुसरीची १० हे कळलं की एकच उरतं: वर १ आणि ४, खाली ६ आणि ३. कॅमेरा भोवती फिरवायचा तो या तिरप्या बेरजांसाठी.

पुरेशा दिशांच्या बेरजांवरून मूळ आकृती काढता येते, हे ऑस्ट्रियाच्या योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं. तेव्हा त्याचा डॉक्टरांना काही उपयोग नव्हता. १९६३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कूल आणि रॉय एडवर्ड्स यांनी किरणोत्सारी औषध दिलेल्या शरीराचे आडवे छेद प्रत्यक्ष दाखवले. सीटी स्कॅनच्या आधी, हे विशेष. त्यांची रीत सोपी होती. प्रत्येक बेरीज आपल्या रेषेवर सारखी पसरायची आणि सगळ्या दिशांचे थर एकावर एक टाकायचे. ठिपका जागेवर येतो, पण भोवती धुकंही येतं. त्याच १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. देशातला पहिला पेट स्कॅनर पुढे २००२ मध्ये तिथेच आला.

धुक्यावर उपाय होता, पण तो फूरिये गणितातून जायचा आणि तेव्हाच्या कंप्युटरला ते जड होतं. सप्टेंबर १९७१ मध्ये एक शोधनिबंध आला. लेखक होते जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. रॅम-लॅक! रामचंद्रन म्हणजे मद्रासला कोलॅजन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडणारे. त्यांची नजर रेणूंवर होती, रुग्णांवर नव्हे. त्यांनी सांगितलं की बेरीज पसरवण्याआधी तिच्यातून शेजारच्या बेरजांचा ठरावीक वाटा वजा करा. मग थर एकावर एक पडताना धुकं आपोआप कटतं. साधी गुणाकार-वजाबाकी, झटपट होणारी. (रेडिओ खगोलशास्त्रातल्या ब्रेसवेल आणि रिडल यांनीही १९६७ मध्ये हीच वाट काढली होती, हे सांगायला हवं.) पुढच्याच महिन्यात लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. त्या यंत्रात आधी दुसरंच गणित होतं, पण सीटीने लवकरच ही रीत उचलली.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये मात्र ती अडखळते. एक्स-रेमध्ये किरण भरपूर असतात. इथे औषध माणसाच्या अंगात टाकायचं, म्हणून बेतानेच. एका जागी १०० किरण मोजले गेले तर त्यात १० इकडेतिकडे होणारच. १०,००० मोजले तर १००, म्हणजे जेमतेम एक टक्का. रॅम-लॅक बारकावे उचलून धरतो आणि त्यांच्यासोबत हा गोंगाटही. चित्रात रेघा उमटतात, कुठे कुठे किरणांची संख्या शून्याखाली जाते, जे शक्यच नाही.

१९८२ मध्ये शेप आणि वार्डी यांनी सरळ अंदाजापासून सुरुवात केली, आणि किरणांचा लहरीपणा गणितातच धरला. आपल्या कोड्यात करून बघा. चारही घरांत ३.५ भरा. वरची ओळ ७ येते, हवी ५. म्हणून तिला पाच-सप्तमांशने गुणा. खालची नऊ-सप्तमांशने. उभ्या रांगा जुळल्याच. आता तिरप्या रेषा तशाच दुरुस्त करा. उत्तर येतं: १.४३, ३.५७, ६.४३, २.५७. एका फेरीत एवढं जवळ! गुणाकारच असल्यामुळे शून्याखाली काही जात नाही. सगळ्या बेरजा एकदम न घेता असे गट करून दुरुस्ती करायची युक्ती हडसन आणि लार्किन यांनी १९९४ मध्ये मांडली, तेव्हा कुठे ही रीत रोजच्या कामाला परवडू लागली. फेऱ्या फार केल्या तर गोंगाट परत वर येतो, म्हणून कधी थांबायचं ते ठरवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये हा एक साधा आकडा असतो. त्या दिवशी मला तो साधा वाटला नाही.

आई बाहेर आली. “झाला का रे फोटो?”

“फोटो नसतो तो, आई. हिशोब असतो.”

“मग बरोबर कर म्हणावं.”

संध्याकाळी डॉक्टरांनी स्क्रीनवर मणक्याचा आडवा छेद दाखवला. ठिपका मागे होता, सांध्यावर. झीज. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं.

निघताना आईने एकच विचारलं, घरी गेल्यावर नातीला मांडीवर घेतलं तर चालेल का. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. रात्रीची गाडी, मग नंदुरबारहून घाट चढून धडगाव, म्हणजे इंजेक्शनला चोवीस तास होणार होते. निम्म्याचं निम्मं असं चारदा केलं की सोळावा हिस्सा उरतो, शिवाय बरंचसं लघवीतून गेलेलं असतं. डॉक्टरही चालेल म्हणाले. तरी तिने दाराशी आलेल्या पोरीला आधी हातपाय धुवायला पाठवलं, स्वतः चहा प्यायली, आणि मगच घेतलं.