मौन म्हणजे संमती : जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा इतिहास

प्रस्तावना

२५ मे २०२५ रोजी कोचीपासून सुमारे ३८ सागरी मैलांवर 'एमएससी एल्सा ३' हे लायबेरियाच्या ध्वजाखालचे मालवाहू जहाज बुडाले. तटरक्षक दल आणि नौदलाने जहाजावरील सर्व २४ जणांना वाचवले. मात्र जहाजावर ६४० कंटेनर होते आणि त्यांपैकी १३ कंटेनरांत घातक माल होता. पुढच्या काही दिवसांत अनेक कंटेनर वाहत केरळच्या किनाऱ्याला लागले. तिरुवनंतपुरमच्या वाळूत प्लास्टिकचे बारीक मणी पसरले. बुडालेल्या जहाजाच्या आसपास मासेमारीला जाऊ नका, असे मच्छिमारांना सांगण्यात आले.

किनाऱ्यावरच्या माणसाचे प्रश्न अगदी साधे होते. किती कंटेनर समुद्रात गेले? त्यांत काय आहे? ते कुठे वाहत आहेत? आणि हे सांगणे कोणाचे काम? समुद्रात पडलेल्या कंटेनरांची खबर कोणी, कोणाला आणि कोणत्या तपशिलासह द्यावी, हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय नियम मे २०२४ मध्येच मंजूर झाला होता. पण तो लागू झाला १ जानेवारी २०२६ रोजी. एल्सा या दोन तारखांच्या मधल्या काळात बुडाले.

नियम मंजूर होणे आणि तो लागू होणे यांत असे अंतर का असते? पूर्वी ते किती होते आणि कमी कसे झाले? या पाठात आपण याच प्रश्नांच्या आधारे जहाजसुरक्षेचा इतिहास पाहणार आहोत.

१. टायटॅनिक आणि पहिला करार

१५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसे होती. जीवनरक्षक नौका २० होत्या आणि त्यांत जागा होती १,१७८ जणांची. दीड हजाराच्या आसपास माणसे मरण पावली. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. नौकांच्या संख्येबाबत टायटॅनिकने कोणताही नियम मोडलेला नव्हता. ब्रिटिश नियमांतील सर्वांत मोठा वर्ग '१०,००० टन व त्यावरील जहाजे' हा होता आणि त्या वर्गाला १६ नौका पुरेशा मानल्या जात. हा नियम १८९४ चा. टायटॅनिक ४६,००० टनांहून मोठे होते. जहाजे वाढत गेली, नियम होता तिथेच राहिला.

या दुर्घटनेनंतर लंडनमध्ये परिषद भरली आणि २० जानेवारी १९१४ रोजी १३ देशांनी समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार केला. या करारमालिकेला पुढे 'सोलास' हे संक्षिप्त नाव रूढ झाले. जहाजावरील प्रत्येकासाठी नौकेत जागा, बिनतारी संदेशांवर अखंड पहारा आणि उत्तर अटलांटिकमधील हिमनगांवर गस्त, या त्यातील मुख्य तरतुदी होत्या. हिमगस्त सुरू झाली, काही देशांनी काही तरतुदी आपापल्या कायद्यांत घेतल्या; पण पहिले महायुद्ध सुरू झाल्याने करार म्हणून तो अंमलात आलाच नाही. दुसरा करार १९२९ मध्ये झाला आणि १९३३ मध्ये लागू झाला. म्हणजे दुर्घटनेपासून सर्वमान्य, बंधनकारक करारापर्यंत २१ वर्षे गेली.

२. 'हो' म्हणण्याची अडचण

१९४८ मध्ये सोलासचा तिसरा करार झाला. त्याच वर्षी जिनिव्हा येथील परिषदेत सागरी वाहतुकीसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन करण्याचे ठरले. ही संघटना १९५८ मध्ये अस्तित्वात आली. आज तिला आंतरराष्ट्रीय सागरी संघटना म्हणतात आणि तिचे मुख्यालय लंडनमध्ये आहे. भारत १९५९ पासून तिचा सदस्य आहे. १९६० चा चौथा सोलास करार हे या संघटनेचे पहिले मोठे काम होते.

त्या करारात दुरुस्ती करायची तर दोन-तृतीयांश सदस्य देशांनी ती मान्य असल्याचे स्पष्ट कळवावे लागे. वरवर पाहता ही पद्धत लोकशाहीला धरून वाटते. व्यवहारात मात्र 'नाही' कोणीच म्हणत नसे, पण 'हो' कळवायलाही कोणाला सवड नसे. मंत्रालयांत कागद पडून राहत. त्यातच वसाहती स्वतंत्र होऊन नवे देश करारात येत होते. सदस्य वाढले की दोन-तृतीयांशांचा आकडाही वाढत असे. १९६६ ते १९७३ या काळात १९६० च्या करारात सहा वेळा दुरुस्त्या स्वीकारण्यात आल्या. त्यांपैकी एकही त्या पद्धतीने अंमलात येऊ शकली नाही.

३. १९७४ : मौनाचा नियम

१ नोव्हेंबर १९७४ रोजी झालेल्या पाचव्या सोलास करारात यावर उपाय शोधला गेला. तो आपल्या ओळखीचा आहे : मौन म्हणजे संमती. याला आपण 'मूक संमती' म्हणू.

ती अशी चालते. संघटनेची सागरी सुरक्षा समिती दोन-तृतीयांश मतांनी दुरुस्ती मंजूर करते आणि हरकतींसाठी मुदत ठरते. ही मुदत साधारण दोन वर्षांची असते. समितीला ती कमी करता येते, पण एक वर्षाच्या आत आणता येत नाही. त्या मुदतीत एक-तृतीयांशाहून अधिक देशांनी, किंवा जगातील व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी किमान ५० टक्के ज्यांच्याकडे आहे अशा देशांनी हरकत घेतली, तरच दुरुस्ती अडते. अन्यथा ती स्वीकारली असे मानले जाते आणि सहा महिन्यांनी लागू होते. करारातील तांत्रिक तरतुदींना ही पद्धत लागू आहे.

बदल छोटा दिसतो, पण त्याने कामाचा भार फिरवला. पूर्वी नियम हवा असणाऱ्याला सर्वांची संमती गोळा करावी लागे. आता नियम नको असणाऱ्याला विरोधक गोळा करावे लागतात. हा करार २५ मे १९८० रोजी लागू झाला. तोच, वेळोवेळी दुरुस्त होत, आजही चालू आहे.

४. दोन उदाहरणे

पहिले उदाहरण 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' या प्रवासी फेरीबोटीचे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुख बंदरातून निघाल्यावर काही मिनिटांतच ती कलंडली आणि १९३ माणसे मृत्युमुखी पडली. गाड्या आत घेण्याचा पुढचा दरवाजा उघडाच राहिला होता. दरवाजा बंद झाला की नाही, हे कप्तानाला त्याच्या जागेवरून समजण्याची सोय नव्हती. एप्रिल १९८८ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली : दरवाजांची स्थिती दाखवणारे दिवे कप्तानाच्या कक्षात हवेत. ती ऑक्टोबर १९८९ मध्ये लागू झाली. टायटॅनिकनंतर २१ वर्षे लागली होती. येथे सुमारे अडीच वर्षे. चौकशीत कंपनीच्या ढिसाळ व्यवस्थापनावरही ठपका आला. त्यातून कंपनीलाच जबाबदार धरणारी सुरक्षा-व्यवस्थापन संहिता तयार झाली आणि १९९८ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली.

दुसरे उदाहरण कंटेनरांचे. कंटेनर बंद असतो. त्यात काय आहे आणि त्याचे वजन किती, हे जहाजावर कागदावरूनच समजते. जानेवारी २००७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी नापोली' हे जहाज संकटात सापडले. त्यावरील काही शे कंटेनर नंतर मोजले, तेव्हा पाचांपैकी एकाचे वजन जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा ३ टनांहून अधिक फरकाने चुकीचे निघाले. जून २०१३ मध्ये सिंगापूरहून जेद्दाला निघालेले 'एमओएल कम्फर्ट' अरबी समुद्रात दुभंगले आणि ४,००० हून अधिक कंटेनर समुद्राच्या पोटात गेले. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. भरलेला कंटेनर सरळ काट्यावर चढवावा, किंवा आतील माल वेगळा मोजून त्यात रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवावे, असे दोन मार्ग दिले आहेत.

२०२६ चा नियम याच मालिकेतील पुढची पायरी आहे. कंटेनर समुद्रात पडला की कप्तानाने विलंब न लावता जवळपासची जहाजे, सर्वांत जवळचे किनारी राष्ट्र आणि आपले ध्वजराष्ट्र यांना कळवायचे. ध्वजराष्ट्र ही माहिती आंतरराष्ट्रीय संघटनेला देते. वाहता कंटेनर दिसलेल्या दुसऱ्या जहाजावरही खबर देण्याचे बंधन आहे. याच दिवसापासून जहाजावरील याऱ्या व उचल-यंत्रांच्या तपासणीचे नियमही लागू झाले.

५. जिथे मौन पुरत नाही

मूक संमती चालू कराराच्या दुरुस्तीला लागू पडते. नवा करार असेल तर प्रत्येक देशाला 'हो' म्हणावेच लागते. जहाजे सुरक्षितपणे मोडण्याचा हाँगकाँग करार मे २००९ मध्ये झाला. गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार जुनी जहाजे कापतात. हा करार त्यांच्या जिवाशी थेट संबंधित आहे. त्याला किमान १५ देश आणि जागतिक टनभाराच्या ४० टक्के वाटा हवा होता. शिवाय त्या देशांची जहाजे मोडण्याची क्षमताही ठरावीक प्रमाणात हवी होती. भारत २०१९ मध्ये त्यात सामील झाला. बांगलादेश आणि लायबेरिया २०२३ मध्ये आल्यावर अटी पूर्ण झाल्या आणि २६ जून २०२५ रोजी करार लागू झाला. १६ वर्षे लागली.

मासेमारी नौकांची स्थिती याहून बिकट आहे. सोलासच्या बहुतेक तरतुदी त्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी १९७७ मध्ये टोरेमोलिनोस येथे वेगळा करार झाला, पण तो कधीच अंमलात आला नाही.

देशांतर्गत प्रवासही सोलासच्या बाहेर आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी दगावले. महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर तिची आठवण आजही काढली जाते. अशा प्रवाशाचे संरक्षण आंतरराष्ट्रीय करार करत नाही, ते देशाच्या कायद्यानेच करावे लागते.

६. मूल्यमापन

मूक संमतीने नियम लवकर येऊ लागले, हे निर्विवाद. पण तिची किंमतही ओळखा. खरा निर्णय आता समितीच्या खोलीत होतो. ज्या देशाकडे तज्ज्ञ पाठवण्याची ऐपत नाही, त्याचे मौन विचारपूर्वक दिलेल्या संमतीइतकेच मोजले जाते. हरकतीच्या दुसऱ्या निकषात देशांची संख्या नव्हे, तर जहाजांचा टनभार मोजला जातो. त्यामुळे लायबेरिया, पनामा यांसारख्या मोठ्या ध्वजराष्ट्रांचे वजन वाढते. शिवाय लंडनमध्ये लागू झालेला नियम बंदरात दिसायचा तर देशाला आपला कायदा सुधारावा लागतो. भारतात १९५८ च्या कायद्याची जागा घेणारा नवा व्यापारी नौवहन कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला.

सारांश

दुर्घटना नियमाची गरज दाखवते, पण नियम किती वर्षांनी येणार हे 'हो' कोणी म्हणायचे यावर ठरते. १९७४ ने जहाजांसाठी हे अंतर दशकांवरून वर्षांवर आणले. अलंगचा कामगार, मच्छिमार आणि खाडी ओलांडणारा प्रवासी यांच्यासाठी ते त्याच वेगाने कमी झालेले नाही. नव्या नियमाची बातमी वाचाल तेव्हा तीन तारखा शोधा : दुर्घटनेची, मंजुरीची आणि अंमलबजावणीची. त्यांच्यातील अंतर पाहिले, तर माणसे कोणत्या काळात उघड्यावर राहिली ते समजेल.

विचारार्थ प्रश्न

१. स्पष्ट संमती आणि मूक संमती यांतील फरक १९६० व १९७४ च्या करारांच्या आधारे स्पष्ट करा.
२. हाँगकाँग कराराला १६ वर्षे का लागली? कारणे लिहा.
३. तुमच्या राज्यातील नदी, खाडी किंवा समुद्रमार्गाने होणाऱ्या प्रवासी वाहतुकीला कोणते नियम लागू आहेत, याची माहिती मिळवून टिपण तयार करा.