राखण, पिकांची

उभे पीक कापणीपर्यंत पशुपक्ष्यांपासून व चोरांपासून सांभाळणे, म्हणजे राखण होय. प्रस्तुत नोंदीत दख्खनच्या ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातील पाखरांपासूनच्या राखणीचा विचार केला आहे. कणसातील दाणा चिकात आल्यापासून तो पुरता टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे पीक पाखरांच्या तडाख्यात असते. त्यातही सकाळचे पहिले काही तास आणि दुपार कलल्यानंतरचा काळ विशेष धोक्याचा. चिमणी, सुगरण, मुनिया, पोपट, होला हे पक्षी वर्षभर शिवारात असतात. पोपट खातो त्याहून अधिक कुरतडून टाकतो. भोरडी (पळस मैना) मात्र पाहुणी आहे. पूर्व युरोप व मध्य आशियातून ती मोठमोठ्या थव्यांनी येते आणि रब्बीची ज्वारी हुरड्यात असताना तिचे थवे रानात उतरतात. विणीच्या प्रदेशात टोळ खाणारा हाच पक्षी तेथील शेतकऱ्यांना उपकारक वाटतो.

राखणीचे साहित्यातील उल्लेख प्राचीन आहेत. तमिळ संघम् साहित्यात डोंगरउतारावरील राळ्याच्या शेतात पोपट हाकणारी तरुणी ही नायिका म्हणून वारंवार येते. माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत भातशेत राखणाऱ्या स्त्रिया आहेत, तर कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गात उसाच्या सावलीत बसून साळीची राखण करणाऱ्या स्त्रिया रघूचे यश गातात. या सर्व वर्णनांत राखण हे प्रणयाचे वा गाण्याचे निमित्त आहे. पहाटेची थंडी, बसलेला घसा व रिकामे पोट यांना त्यांत फारसे स्थान नाही. या दृष्टीने महिपतीच्या (१७१५–९०) संतचरित्रांतील तुकारामांची आख्यायिका अधिक वास्तव आहे. एक शेतकरी धान्याच्या मोबदल्यात तुकारामांना शेत राखायला ठेवतो. तुकाराम माळ्यावर बसून पाखरांना यथेच्छ खाऊ देतात आणि मालक परतल्यावर भरपाईची मागणी करतो. पुढे पीक चमत्काराने अमाप येते. चमत्कार बाजूला ठेवला, तरी राखणीचे काम मजुरीवर दिले जाई आणि नुकसानीचा दोष राखणदाराच्या माथी येई, हा व्यवहार कथेच्या श्रोत्यांना परिचित होता असे दिसते.

साधने मोजकीच असत. शेताच्या मध्यभागी चार मेढी रोवून त्यांवर माळा बांधीत. उंच ज्वारीच्या वरून चहूकडे नजर जावी, हा त्याचा हेतू. गोफण सुतळीची वा लोकरीच्या दोऱ्याची विणलेली असे. मधल्या रुंद भागात खडा किंवा वाळलेले ढेकूळ ठेवावयाचे, एका टोकाचा फास बोटात अडकवावयाचा, डोक्याभोवती गरगर फिरवून दुसरे टोक सोडून द्यावयाचे. नेम पक्ष्यावर बसलाच पाहिजे असे नाही. टोक सुटताना होणाऱ्या कडाक्याने थवा उठला, की काम झाले. हाळी घालणे व पत्र्याचे डबे बडविणे हे प्रकारही रूढ होते. बुजगावण्याची ख्याती मात्र त्याच्या उपयोगापेक्षा मोठी आहे. न हलणाऱ्या आकृतीला पाखरे थोड्याच दिवसांत सरावतात व तिच्यावरच बसू लागतात.

राखणीने पाखरे कमी होत नाहीत, ती दुसरीकडे जातात; एकाच्या शेतातून उठलेला थवा शेजाऱ्याच्या शेतात बसतो. त्यामुळे राखणीचे यश गावाच्या एकूण पेऱ्यावर अवलंबून असे. सर्व शिवार एकाच सुमारास निसवले, तर नुकसान विभागले जाई. सर्वांआधी किंवा सर्वांनंतर पिकणारे एकटे शेत मात्र हमखास लुटले जाई. १९६४ मध्ये सीएसएच–१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. बुटक्या व लवकर पिकणाऱ्या अशा वाणांमुळे गावठी वाणांनी जपलेली ही एकवेळ पुष्कळ ठिकाणी मोडली. तांबूस, तुरट दाण्याच्या ज्वारीला पाखरे सहसा तोंड लावीत नाहीत, पण तिची भाकरीही कोणाला आवडत नाही. लांब कुसळांच्या बाजरीला काहीसे संरक्षण मिळते.

पाखरे मारून टाकण्याचा उपाय चीनने १९५८ पासून मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. चार उपद्रवी प्राण्यांविरुद्धच्या त्या मोहिमेत चिमण्यांचा संहार झाला; पिकांवर कीड वाढल्यावर १९६० मध्ये चिमणीला यादीतून वगळून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला. खरे तर मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय पक्ष्यांच्या आहारविषयक अभ्यासात, पोटातील अन्नाची तपासणी करून, अनेक पक्षी शेतीला हानिकारक कीटक खातात हे दाखविलेले होते. चिमणी व सुगरण हे दाणे टिपणारे पक्षीसुद्धा पिलांना मुख्यत्वे किडे भरवितात. १९८० च्या दशकात भारतासह काही आशियाई देशांत चकाकणाऱ्या फिती शेतावर ताणून बांधण्याचे प्रयोग झाले. वाऱ्याने त्या फडफडतात व उन्हात चमकतात. लहान क्षेत्रात व थोड्या दिवसांसाठी त्यांचा चांगला उपयोग होतो. जाळ्यांनी अधिक खात्रीचे संरक्षण मिळते, परंतु त्यांचा खर्च कोरडवाहू पिकाला परवडत नाही आणि त्यांत पक्षी अडकून मरतात.

राखणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्याकडे असे आणि त्याची मजुरी क्वचितच हिशोबात धरली जाई. मुले शाळेत जाऊ लागली, तरुण शहरांकडे गेले, तसे माळे ओस पडले. त्याच काळात सोयाबीन, ऊस, कापूस यांच्या विस्ताराने महाराष्ट्रातील ज्वारीखालील क्षेत्र बरेच घटले. पूर्वी सबंध शिवारात पांगणारा थवा आता उरलेल्या एखाद-दुसऱ्या शेतावर उतरतो. मग तो शेतकरीही पुढच्या हंगामात ज्वारीऐवजी हरभरा पेरतो, आणि त्याच्या शेजारी उरलेल्या ज्वारीवर पाखरांचा भार आणखी वाढतो.