गोळी थांबते, केसपेपर चालूच राहतो

मानसिक आजारावरचे औषध मध्येच सुटणे ही जगभर नेहमीची गोष्ट आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘केटी’ अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या सुमारे चौदाशे रुग्णांपैकी 74 टक्क्यांचे नेमून दिलेले औषध दीड वर्षाच्या आत थांबले. त्यातले काही डॉक्टरांनीच बदलले होते, हे खरे. पण एवढ्या देखरेखीत ही गत, तर जत तालुक्याच्या पूर्व टोकावरून गाड्या बदलत मिरजेला येणाऱ्या माणसाचे काय होत असेल, हे सांगायला आकडा लागत नाही. लोक गोळ्या सोडतात, हे गृहीतच धरायला हवे. सोडल्याचे सांगत नाहीत, खरे शास्त्रीय नुकसान तिथे होते.

सोडण्याची कारणे बहुधा साधी आणि व्यवहाराला धरून असतात. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की उसाला पाणी द्यायला मध्यरात्री उठावे लागते. गुंगी आणणारे ओलान्झापिन घेणाऱ्याला ते जमत नाही. विटा-आटपाडीकडची पोरे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात केरळपासून पंजाबपर्यंत गेलेली असतात. तिथे गावाकडची चिठ्ठी चालत नाही, आणि चालली तरी त्याच औषधाचे नाव प्रत्येक कंपनीचे वेगळे. पाटण-जावळीतून नवी मुंबईला माथाडी कामाला गेलेल्याची तीच कथा. मुलीला स्थळ आले की घरचेच म्हणतात, लग्न होईपर्यंत गोळ्या नकोत. लैंगिक इच्छा मंदावल्याची तक्रार तर शेजारी आई बसलेली असताना कोण करणार?

गोळी थांबल्यावर काय होते, हे औषधागणिक बदलते. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची औषधे शरीरातून लवकर जातात. दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू होतात. हा औषध तुटल्याचा त्रास. पण रुग्णाला वाटते, आजार उलटला किंवा गोळ्यांचे व्यसन लागले. चिंतेवरचे अल्प्राझोलाम बरेच दिवस घेऊन एकदम थांबवले तर फिटसुद्धा येऊ शकते. हे औषध एच-1 अनुसूचीत असल्याने दुकानदाराला त्याची नोंदवही ठेवावी लागते. म्हणून चिठ्ठीची मुदत संपली की मनात नसतानाही गोळी तुटते.

स्किझोफ्रेनियावरच्या औषधांचे उलटे. ती थांबवल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना बरेच वाटते. गुंगी उतरते, आखडलेले हातपाय मोकळे होतात, घरचे म्हणतात, चेहऱ्यावर तेज आले. प्रयोग यशस्वी झाल्याची खात्री पटते ती इथेच. आजार परततो तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2012 मध्ये आला. त्यानुसार औषध सोडलेल्यांपैकी 64 टक्क्यांचा आजार वर्षभराच्या आत उलटला, चालू ठेवणाऱ्यांपैकी 27 टक्क्यांचा. म्हणजे सोडूनही वर्षभर ठीक राहिलेले बरेच होते, आणि त्यांच्यापैकी एखादा ओळखीतला असतोच. रुग्णाची आशा मूर्खपणाची नाही. तो त्या 64 टक्क्यांत आहे की उरलेल्यांत, हे आधी कळत नाही, एवढेच.

कारण आणि परिणाम यांच्यातले हे अंतर मोकळे पडलेले असते. त्यात कुणीही येऊन बसतो. झोप उडाली, संशय वाढला, की ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणून देवऋषी गाठला जातो. मांढरदेवीला किंवा औदुंबरला दर्शनाला जाऊन कुणाचा आजार वाढत नाही. ‘गोळ्या चालू असतील तर गुण येणार नाही’ असे सांगणारा भेटला की मात्र उरलेसुरले औषधही जाते. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचले. त्यांचे चिरंजीव हमीद दाभोलकर मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि ‘परिवर्तन’ या संस्थेमार्फत काम करतात. अंगात येण्यामागचा आजार ओळखा, हे तिथे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पण आजार मान्य करून गोळ्या सुरू केलेल्या घरातही त्या गुपचूप थांबतातच.

आता केसपेपरकडे वळू. तपासणीत प्रश्न येतो, ‘‘गोळ्या घेताय ना?’’ या प्रश्नाला ‘हो’शिवाय उत्तरच नसते. कागदावर 10 मिलिग्रॅम चालू, पोटात शून्य. आजार उलटल्यावर डॉक्टर कागदावर विश्वास ठेवतो, डोस 20 करतो किंवा जोडीला दुसरे औषध देतो. रुग्ण दाखल होतो, नर्ससमोर सगळा डोस खरोखरच पोटात जातो, अंग ताठरते, लाळ गळते. घरी परतताना गोळ्यांविषयीची त्याची चीड दुप्पट झालेली असते, आणि कागदावर शेरा पडतो: औषधाला दाद देत नाही. दाद द्यायला औषध मुळात होते कुठे?

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनच्या बाबतीत ही लपवाछपवी सरळ जिवावर बेतू शकते. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर ते पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढवत न्यावे लागते. आठवडाभर गोळी न घेतलेल्याला घाबरलेल्या भावाने जुना 300 चा डोस एकदम दिला, तर रक्तदाब कोसळण्याचा आणि फिट येण्याचा धोका असतो. द्विध्रुवी आजारावरचे लिथियम एकदम थांबवल्यास उन्माद लवकर उसळतो. 1991 च्या एका विश्लेषणात अशा नव्या झटक्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या दहा आठवड्यांत आले होते.

लपवणारा एकटा रुग्णच नसतो, हेही लिहायला हवे. आमटीत गोळी कुस्करून घालणाऱ्या आया या भागात कमी नाहीत. त्यांची अगतिकता कळते, पण एकदा आमटी कडू लागली की पोरगा घरचे जेवणच टाकतो.

औषध कमी करायचा रस्ता आहे, आणि तो डॉक्टरांच्या माहितीतूनच जातो. नैराश्यावरच्या औषधात शेवटचे छोटे डोस सर्वांत सावकाश उतरवावे लागतात. मेंदूवरचा मोठा फरक 20 वरून 10 ला नव्हे, तर 5 वरून शून्यावर येताना पडतो. तरीही हमी नाही. 2021 च्या ब्रिटिश ‘अँटलर’ चाचणीत टप्प्याटप्प्याने बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांचे नैराश्य वर्षभरात परतले, चालू ठेवणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांचे. फक्त इथे परतणाऱ्या आजारावर कुणाची तरी नजर असते. झोप सलग दोन-तीन रात्री मोडली, की फोन करायचा हे आधीच ठरलेले असते. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 5 नुसार आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. पण त्याआधी तपासणीच्या टेबलावरचा प्रश्न बदलायला हवा. ‘‘गेल्या महिन्यात किती गोळ्या राहिल्या, आणि कशामुळे?’’ असे विचारले, आईला पाच मिनिटे बाहेर बसवले, तर रात्रीच्या पाण्याची पाळी, गलाईचे दुकान, ठरत आलेले लग्न असे एकेक बाहेर येते. मग गोळीची वेळ बदलता येते, डोस उतरवता येतो, महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा विचार करता येतो.