डोक्यातला ब्रूटस

ब्रूटस म्हटलं की आपल्याला शेक्सपिअर आठवतो. पण त्याच्या कितीतरी आधी इटलीतल्या मानवतावादी विद्वानांनी ब्रूटसवर भरपूर शाई खर्च केली होती. प्रश्न असा, की राज्यकर्ता जुलमी असेल तर त्याला मारायचा हक्क कुणाला?

दान्तेने ब्रूटसला नरकाच्या तळाशी, ज्यूडासच्या सोबतीला टाकलं होतं. फ्लोरेन्सचा चॅन्सेलर कोलुच्चो सालुताती याने १४०० मध्ये जुलमी राजावर लॅटिन ग्रंथ लिहून दान्तेची बाजू घेतली. त्याच्या मते अमुक माणूस जुलमी आहे हे एकट्यादुकट्याने परस्पर ठरवून खंजीर उपसायचा नसतो. शिवाय सीझर मुळात जुलमी नव्हताच. (हाच सालुताती सरकारी पत्रांतून मिलानच्या ड्यूकला जुलमी म्हणून झोडपायचा, बरं का!)

आता ११२ वर्षं पुढे येऊ. १५१२ मध्ये स्पॅनिश फौजेच्या जोरावर मेदिची घराणं फ्लोरेन्समध्ये परतलं. काही महिन्यांतच पिएत्रो पाओलो बोस्कोली या तरुणाकडची नावांची एक यादी सरकारच्या हाती लागली आणि मेदिचींविरुद्धचा कट फुटला. यादीत मॅकियाव्हेलीचंही नाव होतं. त्याला दोराने टांगून छळलं, पण तो वाचला. बोस्कोली आणि त्याचा साथीदार कप्पोनी यांना मात्र फेब्रुवारी १५१३ मध्ये देहदंड झाला.

बोस्कोलीच्या शेवटच्या रात्री त्याचा मित्र लूका देल्ला रोब्बिया सोबत होता. त्याने ती रात्र लिहून ठेवली, आणि मला हा मजकूर कुठल्याही ग्रंथापेक्षा मोलाचा वाटतो. बोस्कोली मित्राला विनवतो, की ब्रूटसला माझ्या डोक्यातून काढ, म्हणजे मला ख्रिस्ती माणसासारखं मरता येईल. त्याला आयुष्यभर वाचलेलं विसरायचं होतं, आणि तेही काही तासांत. लूका त्याला सांगतो की संत थॉमस अक्वायनस असल्या कटांना सरसकट पाप मानतो.

पुढची गोष्ट बोस्कोलीला कधी कळलीच नाही. पापनिवेदन ऐकायला आलेल्या धर्मगुरूने नंतर लूकाकडे मान्य केलं, की थॉमस तसं सरसकट म्हणत नाही. लोकांनी स्वतःहून स्वीकारलेल्या सत्ताधीशाविरुद्ध कट करू नये. जबरदस्तीने लादलेल्याची गोष्ट वेगळी.

मग मेदिची कुठल्या प्रकारात बसतात? १५१२ च्या सप्टेंबरमध्ये चौकात नागरिकांची सभा भरवून नव्या व्यवस्थेला रीतसर होकार घेतला होता. चौकाभोवती तेव्हा हत्यारबंद शिपाई उभे होते.