राखणीला कोण होतं?



दिंडीच्या शंभर वर्षांचा अंक काढायचा ठरलं तेव्हा जुन्या वह्या बाहेर निघाल्या. शिध्याचा हिशेब, बैलांच्या वैरणीचा हिशेब, पंगत देणाऱ्यांची नावं. एका वहीत मुक्कामाच्या खर्चात सारखी एक ओळ येत होती, 'राखणीस'. पुढे आणे-पैसे लिहिलेले. नाव नाही. पंगत देणाऱ्याचं नाव गावासकट, मोठ्या अक्षरात. आणि रात्रभर तळावर जागून सामान सांभाळणाऱ्याचं नाव कुठल्याच पानावर नाही. हा लेख त्या एका ओळीपासून सुरू झाला.

राखणे हा शब्द 'रक्ष्' या संस्कृत धातूवरून आला. पण रक्षक म्हटलं की हातात शस्त्र दिसतं, आणि राखण म्हटलं की खळ्यावर घोंगडं पांघरून बसलेला माणूस दिसतो. कोकणात राखणदार म्हणजे तर गावाची सीमा सांभाळणारा देव. त्याला नारळ द्यायचा, मग पुढे जायचं. पाळणे आणि पालक हे एकाच मुळातले शब्द, पण आपण नेमही पाळतो आणि गुरंही पाळतो. आम्हाला सगळ्यांत गोड वाटतो तो जपणे. नाम जपायचं आणि पोरालाही जपायचं. दोन्हीला शब्द एकच. म्हातारी माणसं निघताना 'जपून जा' म्हणतात तेव्हा त्यात दोन्ही अर्थ असावेत असं आम्हाला वाटतं. पंडितांनी हसावं हवं तर.

वारीत राखण करणाऱ्यांची स्वतंत्र नावं आहेत. विणेकरी हा दिंडीचा मुख्य, पण त्याचं खरं काम वीणा जपण्याचं. वीणा खाली ठेवायची नाही; एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पाया पडून. चोपदाराच्या हातात चांदीचा दंड असतो, पण तो कुणाला मारायला नसतो. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंच केला की हजारो टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ थांबले नाहीत तर समजायचं, त्यांची काही तक्रार आहे. मग चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. आणि त्याच जागी, माउलींच्या पालखीसमोर, हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते. कुणाची पिशवी, कुणाचं घड्याळ. एवढ्या मोठ्या सोहळ्यात कुणाच्या पिशवीचीही आठवण ठेवली जाते, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे पवार, शिंदे सरकारच्या पदरी असलेले सरदार. परतीच्या वाटेवर भिल्लांनी त्यांना लुटून कोंडून ठेवलं, आणि कोंडलेल्या जागी त्यांनी हरिपाठ धरला अशी कथा सांगतात. सुटल्यावर घरी न जाता ते आळंदीला राहिले आणि १८३२ च्या सुमारास माउलींचा स्वतंत्र पालखी सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. आजही अश्व तिकडूनच येतात. लष्करात आयुष्य काढलेला माणूस म्हणून तळ, कूच, नगारा, चोपदार हे सगळं सोहळ्यात आलं. फौजेतले शब्द राहिले, फौज गेली. बाबांची समाधी आळंदीच्या मंदिराच्या पायरीशी आहे. आयुष्यभर माउलींना जपलं आणि शेवटी दारात बसले.

पंढरपूरच्या मूर्तीलाही पुष्कळांनी राखलं. पैठणचे भानुदास महाराज, नाथांचे पणजोबा, यांनी विजयनगरहून देव परत आणल्याची परंपरा आपण कीर्तनात ऐकतो. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत बडव्यांनी मूर्ती हलवली. देगावच्या पाटलांनी ती विहिरीत लपवून ठेवली असं सांगतात. देव संकटात आला आणि गावच्या पाटलाने त्याला सांभाळला! पण राखणाऱ्याचं एक असतं. राखता राखता मालकी वाटायला लागते. ज्या बडव्यांनी देव लपवला, त्यांच्याच हक्कांविरुद्ध पुढे भक्तांनी तक्रारी केल्या. १९७३ साली कायदा झाला, कोर्टकज्जे चालले, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते वंशपरंपरेचे हक्क संपले. आम्ही कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. दिंडीच्या चालकांनाही, म्हणजे आम्हालाही, लोक 'मालक' म्हणतात. तो शब्द ऐकला की जरा दचकायला हवं.

आता वेशीकडे येऊ. गावगाड्यात रात्री गस्त घालणारा तो जागल्या. जागतो म्हणून जागल्या. वेस राखणारा वेसकर. हे काम बहुतेक गावांत महार वतनदारांकडे होतं. शिवेचा तंटा झाला की साक्ष त्यांची, कारण शीव त्यांच्या पायाखालची. गावाने त्यांच्यावर विश्वास टाकला, आणि घर मात्र वेशीबाहेर दिलं. जो दार राखतो त्यालाच दारातून आत यायची मनाई!

चोखोबांची गोष्ट याच वेशीशी संपते. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. गावाला राखणारी भिंत बांधताना गेले ते. नामदेवरायांनी अस्थी शोधून पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी केली. नामदेव पायरीत, चोखोबा पायरीसमोर. आपण दोघांच्या पाया पडून आत जातो. पण चोखोबांच्या माणसांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजी गावोगाव फिरले, मग १ मेपासून पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मेला उपोषण सुटलं.

आपली दिंडी तेव्हा वीस-बावीस वर्षांची होती. गावातल्या थोरल्या मंडळींना आम्ही विचारलं, आपल्या दिंडीने तेव्हा काय केलं? कुणी नीट बोलेना. एका आजींनी मात्र सांगितलं. राखणीचा गडी दिंडीबरोबर पंढरीपर्यंत यायचा. सगळ्यांच्या वळकट्या, पेट्या, बायांची बोचकी रात्रभर त्याच्या भरवशावर. पण पंगतीत तो नसायचा. त्याचं पान लांब, गाडीच्या आडोशाला वाढायचे, आणि देवळापाशी तो सामानाजवळ थांबायचा. "सामान कुणी बघायचं, म्हणून," असं त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "म्हणजे तसं सांगायचे."

हे अंकात घ्यावं की नाही यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. शतकाच्या आनंदात हे कशाला, असं काहींचं म्हणणं. शेवटी घ्यायचं ठरलं. ज्या पादुका आपण जिवापाड जपतो, त्याच वाटेवर एक माणूस आपल्याला जपत होता आणि आपण त्याचं नाव लिहिलं नाही. हे आमच्या आज्या-पणज्यांचं आहे, आमचंच आहे.

२०२० साली महामारीत पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, मोजक्या माणसांसह. आम्ही घरी टीव्हीसमोर हात जोडून बसलो. त्या वर्षी पहिल्यांदा कळलं, की राखण करायला कुणी न उरणं म्हणजे काय.

शेवटच्या पानावर शंभर वर्षांतल्या विणेकऱ्यांची आणि पंगत देणाऱ्यांची यादी आहे. तिच्याखाली आम्ही 'राखणीस' असं एक सदर घातलं आहे. गावात विचारून तीन नावं मिळाली. त्यातलं एक तर नुसतं हाक मारायचं नाव. खाली जागा कोरी सोडली आहे. कुणाच्या घरी काही आठवण असेल तर दिंडीच्या मठात येऊन सांगा, पेन तिथेच ठेवलं आहे.