ओव्हरड्राइव्ह (लोडच्या गाडीतील)

गियरबॉक्समधील असा गियर, की ज्यात इंजिनाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचा एकापेक्षा जास्त फेरा होतो. त्याचे गुणोत्तर १ हून कमी, बहुधा ०.७ ते ०.८५ असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पाच गियरच्या पिकअपमध्ये सामान्यतः चौथा गियर सरळ (१:१) आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह. चालक त्याला नुसते 'टॉप' म्हणतात. परदेशी पुस्तकांत या गियरची चर्चा पिकअपमागे जोडलेल्या कॅम्परच्या संदर्भात येते. रायगड किनाऱ्यावर तो प्रश्न मासळी, बर्फ, कांदा आणि गणेशमूर्ती वाहणाऱ्या गाड्यांचा आहे.

इतिहास : १९३० नंतर अमेरिकी मोटारींत आणि १९४८ च्या सुमारास ब्रिटिश मोटारींत ओव्हरड्राइव्ह गियरबॉक्सच्या मागे वेगळा जोडत. भारतात जुन्या अँबेसडर-फियाटला चारच गियर होते.

कार्य : इंजिन २०० न्यूटन-मीटर पीळ देत असेल, तर ०.८ च्या टॉपमध्ये शाफ्टला सुमारे १६० मिळतो, चौथ्यात २०० आणि १.४ गुणोत्तराच्या तिसऱ्यात २८०. (घर्षणातील घट येथे धरलेली नाही.) चढाला किंवा समोरच्या वाऱ्यात भरलेली गाडी टॉपमध्ये ठेवली, की फेरे पडतात, चालक ॲक्सिलरेटर तळाला दाबतो, आणि इंजिन वेग न घेता धडधडू लागते. यालाच 'गाडी ओढत नाही' म्हणतात. अशा वेळी डिझेल जास्त जळते, धूर काळा येतो, आणि फेरे कमी असल्याने पाण्याचा पंप व पंखाही मंदावून इंजिन तापते.

दुसरा मुद्दा गियरबॉक्सचा. वापराच्या पुस्तिकांत तो क्वचितच सापडतो. सरळ गियरमध्ये जोर इनपुट शाफ्टमधून थेट मुख्य शाफ्टला जातो आणि लेशाफ्टवरील दात जवळजवळ मोकळे फिरतात. ओव्हरड्राइव्हमध्ये तोच जोर दातांच्या दोन जोड्यांतून आणि लेशाफ्टच्या बेअरिंगांवरून जातो. पाचव्याची जोडी काही गियरबॉक्सांत अगदी मागच्या टोकाला असते. ओव्हरलोड गाडी सतत टॉपमध्ये ताणली, तर गुणगुण आधी पाचव्यात ऐकू येते आणि चौथ्यात टाकताच थांबते. गॅरेजवाला गियरबॉक्स उतरवण्याआधी हीच परीक्षा करतो.

रायगड किनाऱ्यावरील रस्ते : पेण–वडखळची सपाटी आणि पोयनाडपासून धरमतर खाडीच्या पुलापर्यंतचा पट्टा येथे रस्ता मोकळा असेल, तर भरलेल्या पिकअपला टॉप चालतो. अलिबागहून निघाल्यावर कार्ले खिंडीत तो काढावा लागतो. नागाव–चौलच्या वाड्यांमधला रस्ता इतका अरुंद, की पाचव्याइतका वेगच मिळत नाही. साळाव पुलापलीकडे कोर्लई, काशीद, नांदगाव ते मुरूड या वळणांवरही तीच गत. मुंबई–गोवा महामार्गावर कर्नाळा व सुकेळी या खिंडी आणि पोलादपूरच्या पुढे कशेडी घाट. कशेडीचा बोगदा २०२३ मध्ये अंशतः खुला झाल्यावर तेथील चढ बराचसा टळला. म्हसळ्याकडे जाताना घोणसे घाट आहे. पुण्याकडे जाणारा माल खोपोलीहून बोरघाट चढतो.

बर्फात भरलेल्या मासळीचे वजन वाटेत पाणी गळत गेल्याने घटते. म्हसळ्यापलीकडच्या जीवना बंदरातून निघालेली गाडी घोणसे घाटात जितकी जड, तितकी पनवेलला नसते. पेणच्या मूर्तींचे उलटे आहे : वजन बेताचे, पण उंची जास्त आणि माल नाजूक. तेथे ओढीपेक्षा गियर बदलताना बसणाऱ्या हिसक्याची धास्ती असते, म्हणून चालक आधीच चौथा धरून चालवतात. छोट्या मालगाड्यांत मात्र पाचवा असेलच असे नाही : टाटा एस (२००५), म्हणजेच 'छोटा हत्ती', सुरुवातीला ७०२ घनसेंमी. इंजिन व चारच गियर घेऊन आला.

उतार : ज्या गियरवर चढायचे त्याच गियरवर उतरायचे, हा चालकांचा दंडक. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाचा अवरोध सर्वांत कमी मिळतो. त्यात डिझेल इंजिन मुळातच पेट्रोलपेक्षा कमी रोखते. मग सारा भार ब्रेकवर पडून लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल मारणे याहून घातक, आणि व्यर्थही : आधुनिक इंजिनात गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तोडले जाते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला ते जळतच राहते. सपाटीवर हलक्या लोडला टॉपमुळे बचत होते हे मान्य. भरल्या गाडीत किती, याविषयी चालकांत एकमत नाही.

ऑटोमॅटिक गियरबॉक्स : जुन्या गाड्यांत ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचे बटण असते. चढाला गियर वरखाली होत राहिले, की ते दाबावे. नाहीतर गियरबॉक्सचे तेल तापते.

कॅम्पर : राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे. रस्त्यावर दिसतात त्या कॅराव्हॅन बहुतेक स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या, ओढायच्या विरळा. मुंबईहून मांडव्याला रो-रो बोटीने (२०२० पासून) आल्यास कर्नाळा टळतो. 'बोलेरो कॅम्पर' हे दोन केबिनचे पिकअप असून त्याचा या प्रकाराशी संबंध नाही.

कायदा : ट्रेलरची नोंदणी ओढणाऱ्या वाहनापासून वेगळी होते. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी लागते.